मामांची एफसी, डिझेलचं इंजिन आणि कापलेलं कव्हर

मे २०२२ मध्ये उरुळी कांचनहून मामांचा फोन आला, "अरे गाडी पांढरा धूर टाकतीय, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतायत, तू इंजिनिअर ना, ये बघायला." मी इंजिनिअर आहे हे खरं, पण माझं काम भोसरीत कॉम्प्रेसरचे पार्ट मोजायचं, गाड्या दुरुस्त करायचं नाही, आणि हा फरक आमच्या घरात आजवर कुणाला पटलेला नाही. गेलो. त्या दिवसापासून जे सुरू झालं ते जवळजवळ दोन वर्षं चाललं आणि त्यातलं कुठे बरोबर गेलं, कुठे शेण खाल्लं ते सगळं इथे लिहून ठेवतोय, कारण जुन्या पिकअपमध्ये दुसरं इंजिन टाकायचं असं मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं आणि दर वेळी फोनवर एवढं सांगवत नाही.

गाडी म्हणजे महिंद्राची एफसी-१५०, आरसीवर साल १९६८, आजोबांनी घेतलेली, खासगीत पासिंग. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी, ही जीपच आहे पण बोनेट नसलेली. अमेरिकेत विलीजने १९५६च्या शेवटी काढली, नंतर आपल्याकडे महिंद्राने बनवली. व्हीलबेस फक्त ८१ इंच, म्हणजे जीपएवढाच, आणि त्याच्यावर पुढे चपटं केबिन आणि मागे बऱ्यापैकी लांब हौदा. हे जमवायचं तर इंजिन कुठे ठेवणार, तर ड्रायव्हर आणि शेजारच्याच्या मधोमध, पत्र्याच्या कव्हरखाली. उन्हाळ्यात डावा पाय भाजतो, हिवाळ्यात मामी त्या कव्हरवर हात शेकतात. नाकाला इतकी जड की विलीजने स्वतःच मागे चेसिसला लोखंडी वजन लावलं होतं. मामांची नर्सरी आहे, कुंड्या, शेणखत, माती, गुलाबाची रोपं, सगळं ह्याच गाडीतून. शोपीस नाही, कामाची गाडी.

दुखणं काय होतं

इंजिन मूळचं, हरिकेन एफ-१३४, २१९९ सीसी पेट्रोल, चार सिलिंडर, ७२ हॉर्सपॉवरच्या आसपास. ह्याची रचना विचित्र आहे, इनटेक व्हॉल्व हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व ब्लॉकमध्ये. म्हणजे सगळ्यात तापणारा व्हॉल्व थेट ब्लॉकच्या बिडात बसलेला, सिलिंडरच्या बाजूला, मधे बोटभर पण मटेरियल नाही. गाडी तापली की पहिला मार तिथेच बसतो.

स्वारगेटच्या मागच्या गल्लीत एक उस्ताद आहेत, जीपवाले सगळे त्यांच्याकडेच जातात, त्यांना घेऊन गेलो. त्यांनी झाकण उघडून गाडी रेस केली, बुडबुडे बघितले, चारही प्लग काढले, तीन नंबरचा प्लग धुतल्यासारखा स्वच्छ. "पाणी पितंय," म्हणाले. हेड उतरवल्यावर हेड पॅकिंग ठीक निघालं आणि तेव्हाच त्यांचा चेहरा पडला. मग जी पद्धत वापरली ती मी कॉलेजात वाचली होती पण केलेली पहिल्यांदा बघितली, ब्लॉकचा वरचा भाग कोरडा पुसून रॉकेल लावलं, पाच मिनिटं थांबले, परत कडक पुसलं, आणि वरून खडूची पूड फासली. दोन मिनिटांत पांढऱ्या खडूवर एक बारीक ओली रेघ उमटली, तीन नंबरच्या एक्झॉस्ट सीटपासून निघून सिलिंडरच्या कडेपर्यंत. केसाएवढी. ब्लॉक क्रॅक.

इथे मी पहिली चूक केली, म्हणजे आम्ही सगळ्यांनीच. क्रॅक दिसला आणि आमची चर्चा लगेच "आता कुठलं इंजिन टाकायचं" ह्यावर गेली. गाडी मुळात तापली का, हा प्रश्न कुणीच विचारला नाही. रेडिएटर काढून भिंतीला टेकवून ठेवला होता, त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. नर्सरीत बोअरचं पाणी आहे, चहाच्या पातेल्याला आठवड्यात पांढरा थर धरतो इतकं क्षाराचं, आणि तेच पाणी चाळीस वर्षं रेडिएटरमध्ये जात होतं. हे मला नऊ महिन्यांनी सुचलं.

डिझेलचं डोक्यात कसं शिरलं

मामांचं म्हणणं सरळ होतं. पेट्रोल शंभराच्या वर, डिझेल नव्वदीत, गाडी पेट्रोलवर साडेसहाचं अॅव्हरेज देते, आणि त्यांच्या तरुणपणी तालुक्यातल्या निम्म्या जीप पेट्रोलच्या डिझेल झालेल्या. "सगळे करत होते, आपणच राहिलो." त्यात दुसरं वाक्य असं की डिझेलला ओढ जास्त असते.

ह्या ओढीबद्दल जरा बोलायला पाहिजे, कारण माझाही तोच समज होता. जीपमध्ये डिझेल टाकायचं तर आपल्याकडे दोन पर्याय सहज मिळतात. एक प्यूजोचं एक्सडीपी ४.९०, जे महिंद्राच्या एमएम ५४० मध्ये यायचं, नावातच आहे चार सिलिंडर आणि ९० मिमी बोअर, स्ट्रोक ८३, म्हणजे २११२ सीसी. ताकद ६२ हॉर्सपॉवर. म्हणजे कागदावर मूळच्या पेट्रोलपेक्षा कमीच. टॉर्कही जास्त नाही. जुने अमेरिकन आकडे थोडे फुगवून दिलेले असतात, पंखा-सायलेन्सर न लावता मोजलेले, ते सोडलं तरी फार तर बरोबरी होते. डिझेल "ओढतं" असं वाटतं ते कमी फेऱ्यांवर दमत नाही म्हणून.

दुसरा पर्याय महिंद्राचंच डीआय, २५२३ सीसी, बोलेरोवाल्यांना माहिती असेल. पार्ट कुठेही मिळतात, मेकॅनिक कुठलाही चालतो, आणि उस्तादांचा कल तिकडेच होता. मी त्याला नाही म्हणालो आणि का ते दाखवायला त्यांच्या बिलबुकाच्या मागे हिशोब केला. एफसीचा डिफरन्शियल ५.३८चा, टॉप गिअर एकास एक, म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिन ५.३८ वेळा फिरतं, टायर ६.००-१६ म्हणजे एका फेरीत साधारण २.२९ मीटर. ६० च्या स्पीडला चाक मिनिटाला ४३७ वेळा फिरतं, गुणिले ५.३८, इंजिन २३५० वर. ८० ला ३१३० वर. आता डीआय हे ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन, त्याला २५०० च्या पुढे नेलं की ते बोंबलायला लागतं, म्हणजे सोलापूर रोडला साठ-पासष्टला गाडी संपली. त्यात ते इंजिन तुमच्या मांडीला मांडी लावून बसलेलं. प्यूजो साडेचार हजारापर्यंत फिरतं, ८० ला ते निवांत असतं. उस्ताद कागद बघून म्हणाले, "आकडे बरोबर आहेत, पण प्यूजोचं हेड तापून गेलं तर मला सांगायचं नाही." ठीक.

जुन्या एमएम ५४० चं इंजिन भंगारवाल्याकडून ३८ हजाराला घेतलं, चालू करून दाखवलेलं. घेतलं ते जूनमध्ये. आरसी बुक उघडून बघितलं ते पुढच्या मार्चमध्ये. ही दुसरी चूक, आणि पैशात मोजली तर हीच सगळ्यात मोठी.

बसवताना

उस्तादांची एक अट होती आणि ती त्यांनी पहिल्याच दिवशी मामांना सांगितली, "चेसिसला गॅस लावायचा नाही. काहीही कापायचं नाही. जे लावू ते नट-बोल्टवर." मामांना हे पटलं नाही, वेल्डिंग मारलं की मजबूत होतं असं त्यांचं मत, पण उस्तादांपुढे कुणाचं चालत नाही. इंजिनचं फाउंडेशन आठ मिलीच्या प्लेटचं बनवलं, चेसिसला आधीपासून जी भोकं होती तीच वापरून. रबर एमएम ५४० चेच. इंजिनखालचं ऑइलचं चेंबर पुढच्या अॅक्सलच्या मधल्या गोळ्याला लागेल अशी भीती होती म्हणून गाडी जॅकवर घेऊन स्प्रिंग पूर्ण दाबून बघितली, दीड इंच फट राहिली, पुरे.

हे सगळं पंधरा दिवसांत झालं आणि आम्ही खूश. मग गिअरबॉक्स.

एमएम ५४० चा चार गिअरचा बॉक्स इंजिनसोबत मिळत होता, पण तो लांब. ८१ इंचाच्या गाडीत मागचा जॉइंट, म्हणजे मागच्या चाकांकडे फिरणं नेणारा दांडा, आधीच वीतभर, तो अजून तोकडा केला असता तर त्याचा कोन इतका वाढला असता की त्याच्या टोकाचे क्रॉस महिन्याभरात गेले असते. म्हणून ठरवलं की एफसीचा मूळचा तीन गिअरचा टी-९० ठेवायचा आणि इंजिन आणि बेल हाऊसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या घंटेसारख्या कव्हरच्या, मधे अडॅप्टर प्लेट टाकायची. ओळखीच्या एका वर्कशॉपने प्लेट करून दिली, जुन्या दोन्ही पॅकिंगवरून भोकं मारून. दिसायला झकास. बसवली, क्लच जोडला, इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकला तर खर्र. क्लच पूर्ण दाबलेला असताना गिअर खरखरत होता, आणि सोडताना गाडी घोड्यासारखी थरथरत होती. उस्ताद म्हणाले क्लचप्लेट खराब. बदलली. तेच. प्रेशर प्लेट बदलली. तेच. दोन आठवडे आणि साडेआठ हजार रुपये गेले.

शेवटी मला माझं स्वतःचं काम आठवलं, जे मी दिवसभर कंपनीत करतो आणि इथे येऊन विसरलो होतो. शनिवारी डायल, म्हणजे केसाएवढा फरक सुईवर दाखवणारं मोजायचं घड्याळ, घेऊन गेलो. गिअरबॉक्स उतरवला, क्रँकच्या टोकाला असलेल्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, मॅग्नेट बेस लावला, डायलची सुई बेल हाऊसिंगच्या मधल्या मोठ्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवली आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवलं. फ्लायव्हीलसोबत डायल गोल फिरतो आणि सुई सांगते की क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सचा मध्य एका रेषेत आहेत का. एका बाजूला शून्य, समोरच्या बाजूला १८ थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि डायलवर दिसतं ते दुप्पट असतं, म्हणजे प्रत्यक्षात गिअरबॉक्स ९ थाऊ बाजूला बसला होता. कागदाच्या दोन-तीन घड्यांएवढा फरक. पण गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक क्रँकमधल्या पायलट बुशमध्ये घुसतं, आणि दोघांचे मध्य जुळत नसतील तर शाफ्ट दर फेरीला वाकवला जातो, क्लच दाबला तरी प्लेट सुटत नाही, बुश खाल्लं जातं. बुश काढून बघितलं, गनमेटलचं नवंकोरं बुश एका बाजूने चाटलेलं. पाच थाऊच्या आत पाहिजे असा आमच्याकडे साधा नियम आहे.

मग प्लेटची जागा पक्की धरणाऱ्या डॉवेल पिना काढून ऑफसेट पिना टर्नरकडून करून घेतल्या, म्हणजे पिनचं अर्धं अंग दुसऱ्या अर्ध्यापेक्षा किंचित बाजूला, पिन फिरवली की हाऊसिंग थोडं सरकतं. संध्याकाळी पाचपासून रात्री साडेदहापर्यंत मी आणि उस्तादांचा पोऱ्या, पिन फिरव, बोल्ट आवळ, डायल बघ, सोड, परत फिरव. ११. ७. परत ९. मग ४. चारवर सोडलं. उस्ताद तोपर्यंत दोन वेळा चहा पिऊन आले होते, डायलकडे बघून एवढंच म्हणाले, "ह्याला आमच्यात हात बसणं म्हणतात." दुसऱ्या दिवशी गिअर लोण्यासारखा पडला.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगतो. पेट्रोलच्या टाकीला डिझेल परत यायची नळी नसते, पंप आणि नोझलमधून उरलेलं डिझेल टाकीत परत जायला लागतं, हे टाकी लावून झाल्यावर आठवलं, मग वरच्या गेजच्या झाकणातूनच रिटर्न काढला म्हणजे टाकीला भोक नको. थंड डिझेल इंजिन चालू करायला लागणारे हीटर प्लग चार मिळून चाळीस-पन्नास अँपिअर खातात, जुन्या वायरिंगमधून ते नेलं असतं तर केबिनमध्ये वडे तळले असते, म्हणून बॅटरीवरून वेगळी जाड वायर आणि रिले. डिझेल चावी काढून बंद होत नाही, स्टॉप केबल लागते, ती डॅशखाली जुन्या चोकच्याच भोकातून काढली. ब्रेकला बूस्टर लावायचा विचार होता, डिझेलच्या मॅनिफोल्डला व्हॅक्यूम नसतो म्हणून पाठीमागे व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर शोधत होतो, ते राहिलंच.

आणि कव्हर. केबिनमधलं इंजिनचं कव्हर एका बाजूला डिझेल पंपाला अडत होतं, फार नाही, मूठभर. उस्ताद त्या दिवशी गावाला गेले होते. मी आणि मामांनी ग्राइंडर काढला आणि डाव्या बाजूचा साधारण नऊ बाय सात इंचाचा तुकडा कापून टाकला, वर नवीन फुगवटा बसवला. उस्ताद आल्यावर काही बोलले नाहीत. नुसते बघत राहिले, ते जास्त लागलं.

चालवल्यावर

फेब्रुवारी २०२३. नर्सरीच्या आतल्या आत चाचणी, हौद्यात सहाशे किलो ओलं शेणखत, मागच्या तळ्यापासून वरच्या शेडपर्यंतचा चढ, आठ-दहा फेऱ्या. पहिल्या तीन फेऱ्या मस्त. मामा स्टेअरिंगवर, तोंडावर असं हसू की मला वाटलं सगळे पैसे वसूल. आवाज प्रचंड, केबिनमध्ये बोलायला ओरडायला लागत होतं, कव्हरच्या आतून फेल्ट आणि अॅल्युमिनियमचा पत्रा लावूनही. चौथ्या फेरीला टेम्परेचरचा काटा वर निघाला. पाचव्याला लाल. मामांनी गाडी थांबवली.

नवं इंजिन, नवा थर्मोस्टॅट, नवा पंपाचा बेल्ट, आणि तापतंय. मग कुठे डोक्यात प्रकाश पडला. रेडिएटर उतरवून नळाला धरला, वरून पाणी ओतलं तर खालून धार नाही, थेंब. वरची टाकी खोलली तर आतल्या नळ्यांची तोंडं पांढऱ्या दगडाने बुजलेली, निम्म्याहून जास्त. म्हणजे जुनं इंजिन म्हातारं झालं म्हणून गेलं नव्हतं, त्याला ह्या रेडिएटरने मारलं होतं, आणि आम्ही तोच रेडिएटर त्याच्या जागी आलेल्या इंजिनला लावून दिला होता. नवीन कोअर टाकून घेतला, साडेसहा हजार, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी, आणि मामींनी झाकणावर ऑइलपेंटने लिहिलं "बोअरचं पाणी नको". काटा त्यानंतर मधेच राहिला.

हे साडेसहा हजार मेमध्येच खर्च केले असते आणि ब्लॉकची तेवढी दुरुस्ती केली असती तर ही केस तिथेच संपली असती.

कागद

मार्चमध्ये मी आरसी बुक घेऊन आरटीओत गेलो, संगम पुलाजवळ. तिथल्या साहेबांनी व्यवस्थित बसवून समजावलं, मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा बरंच. आरसीवर इंधन पेट्रोल, इंजिन नंबर हरिकेनचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने जे स्पेसिफिकेशन दिलंय आणि आरसीवर जे आहे त्याच्यापेक्षा वेगळं होईल असा बदल मालकाने करायचा नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अजून पक्कं केलं. इंधन बदलायला सवलत आहे पण ती सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा मंजूर किटसाठी, आणि किट मंजूर होतं ते एआरएआयसारख्या संस्थेच्या टेस्टिंगमधून, आणि ते किट बनवणाऱ्याने करायचं. मी कोथरूडला राहतो, एआरएआय आमच्या वेताळ टेकडीवरच आहे, रोज सकाळी तिथून फिरायला जातो, पण एका भंगारातल्या इंजिनाची फाइल घेऊन तिथे जाण्यात काही अर्थ नाही एवढं मलाही कळतं. मामांच्या तरुणपणी लोक करायचे ते करायचे, आता १९६८ च्या पेट्रोल गाडीच्या आरसीवर जुनं डिझेल चढवून मिळणार नाही. आणि तसंच रस्त्यावर चालवलं तर कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ह्याहून मोठी गोष्ट इन्शुरन्सची, उद्या हायवेला कुणाला लागलं तर कंपनी पहिलं इंजिन बघणार.

उठता उठता साहेब म्हणाले, "पन्नास वर्षांच्या वरची आहे ना? मग विंटेजमध्ये का नाही टाकत?" २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केलेत, पन्नास वर्षं झालेली गाडी, नव्याने नोंदवायची फी २० हजार, नंबरमध्ये व्हीए अक्षरं. अट एकच, गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसिस, बॉडी, इंजिन ह्यात मोठा बदल नको. आणि मग ती रोजच्या कामाला वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती एवढंच.

घरी येऊन मामांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे ज्या इंजिनाला आपण पोत्यात गुंडाळून ठेवलंय तेच गाडीचं नाव आहे." मला ह्यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं. मी त्यांना हिशोबही दाखवला. इंजिन ३८ हजार, प्लेट आणि पिना, क्लच दोनदा, पंप-नोझल काम, बॅटरी-वायरिंग, उस्तादांची मजुरी, धरून १ लाख ६० हजार. महिन्याला चारशे किलोमीटर धरले तर पेट्रोलवर साडेसहा हजार, डिझेलवर साडेदहाच्या अॅव्हरेजने साडेतीन हजार, वाचले तीन. पैसे फिटायला साडेचार वर्षं, आणि ते सुद्धा गाडी रस्त्यावर आणता आली तर.

वर्षभर ती डिझेलवर नर्सरीच्या आतच फिरली, बाहेरच्या कामाला मामांनी टेम्पो लावला. तेवढ्यात आम्ही जुना ब्लॉक बाहेर काढला. दुसरा हरिकेन ब्लॉक मिळत होता, स्वस्तात, पण ब्लॉक बदलला की त्याच्यावर ठोकलेला इंजिन नंबर बदलतो आणि परत तेच कागदाचं लफडं, म्हणून हाच वाचवायचा. भोसरीत एका जुन्या मशीनशॉपने केलं, तीन नंबरचा सिलिंडर बोअर करून आत स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, दाबली, एक्झॉस्टला हार्ड सीट टाकली कारण आता पेट्रोलमध्ये शिसं नसतं, २००० सालीच बंद झालं, आणि मधल्या पट्टीत क्रॅकवर स्क्रूसारखे आटे पाडलेल्या पिना एकात एक अडकवत बसवल्या. मग पाण्याच्या सगळ्या वाटा प्लेटांनी बंद करून आत हवा भरली आणि ब्लॉक हौदात बुडवला. दहा मिनिटं मी एकही बुडबुडा येतोय का बघत बसलो. आला नाही. पेट्रोल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या नवीन घेतल्या, हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही. सगळं मिळून ४७ हजार.

एप्रिल २०२४ मध्ये डिझेल उतरवून पेट्रोल चढवलं. दोन दिवस लागले, फक्त दोन. फाउंडेशनचे बोल्ट सोडले, प्लेट काढली, टाकीच्या गेजचं जुनं झाकण लावलं, स्टॉप केबल काढून चोक परत, चेसिसवर एक ओरखडा नाही. उस्ताद त्या दिवशी मुद्दाम हळूहळू बोल्ट सोडत होते आणि प्रत्येक बोल्टला मामांकडे बघत होते. प्यूजो आता लोखंडी ट्रॉलीवर, तळ्यावरच्या पाण्याच्या पंपाला जोडलंय, आणि खरं सांगायचं तर त्या कामाला ते जास्त शोभतं.

राहिलं कव्हर. एफसीचं कव्हर दुसरं मिळणं अवघड, जुन्या बाजारात तीन रविवार फिरलो, नाही. डेंटर म्हणाला नवीन पत्रा ठोकून देतो पण मूळ पत्र्यावर दाबलेल्या रेघा आहेत त्या हाताने जुळणार नाहीत, कापलेला तुकडा असेल तर बघा. मी तर म्हणालो तो कधीच भंगारात गेला असणार. मामी आतून म्हणाल्या, "तो चौकोनी पत्रा ना? जास्वंदीच्या कुंडीखाली आहे, पाणी गळायचं म्हणून ठेवला होता." कुंडी उचलली तर खाली होता, एका कोपऱ्याला गंजलेला, मधे कुंडीच्या बुडाचा गोल डाग. डेंटरने घासूनपुसून परत जोडला, बाहेरून हात फिरवला तर सांधा लागत नाही. आतल्या बाजूचा गोल डाग घासायला घेतला तेव्हा मामा म्हणाले राहू दे, आत कोण बघतंय.